वाळू ओतता येते, मग ती द्रव का नाही?

मागच्या अंकात मी एक वाक्य जरा ठासूनच लिहिलं होतं: लहान मुलांना स्थायू, द्रव, वायू शिकवताना आधी वस्तू हातात द्या, व्याख्या सगळ्यांत शेवटी. त्यावर पत्रांचा ढीग आला. निम्म्या पत्रांत 'बाई, मग परीक्षेत मुलांनी लिहायचं काय?' असा राग आहे आणि निम्म्यांत मुलांनी मोठ्यांना कुठे कुठे अडवलं त्याच्या हकिकती. रागावलेल्यांना नंतर कधीतरी उत्तर देईन. आज अडवल्या गेलेल्यांची पाळी. आधी पत्रातला प्रश्न, त्याखाली माझं उत्तर.

तिसरीच्या वर्गावर शिकवते. 'ज्याला स्वतःचा आकार नसतो, ज्या भांड्यात ठेवू त्याचा आकार जो घेतो तो द्रव' असं फळ्यावर लिहिलं. एका मुलीने पेल्यातली वाळू वाटीत ओतून दाखवली आणि म्हणाली, 'मग ही द्रव.' मी गप्प झाले. काय सांगायला हवं होतं?

ही मुलगी मला दर वर्षी भेटायची. चेहरा वेगळा, प्रश्न तोच. पहिल्या वर्षी मीही तुमच्यासारखी गप्प बसले. दुसऱ्या वर्षी 'वाळू स्थायूच असते, पुस्तकात दिलंय' असं म्हणाले. ते गप्प बसण्याहून वाईट. आधी तिला शाबासकी द्या. तुम्ही दिलेला नियम तिने तुमच्याहून प्रामाणिकपणे पाळला.

ओतता येणं हा वाळूच्या ढिगाचा गुण आहे, कणाचा नाही. भिंग द्या आणि एकच कण तळहातावर ठेवायला सांगा. तो पेल्यात टाका, वाटीत टाका, त्याचे कोपरे जागच्या जागी. दोन कण एकमेकांना लावून रात्रभर ठेवले तरी सकाळी दोनच असतात. पाण्याचे दोन थेंब एकमेकांना टेकू द्या, क्षणात एक होतात आणि त्यातला पहिला कुठला ते कुणालाही सांगता येत नाही.

पण भिंगापेक्षा मुलांना पटते ती नळी. हातभर लांबीची, बोटाएवढी जाड, पारदर्शक प्लास्टिकची नळी घ्या आणि घोड्याच्या नालासारखी वाकवून दोन्ही तोंडं वर धरा. एका तोंडातून पाणी ओतलं की ते दुसऱ्या बाजूने चढतं आणि दोन्हीकडे सारख्या उंचीवर थांबतं. एक बाजू उचलली तरी पाणी आपली पातळी सोडत नाही. आता नळी पूर्ण वाळवा. (मी एकदा घाईत ओल्या नळीतच वाळू ओतली. ती काठांना चिकटून बसली आणि अख्खा तास नळी धुण्यात गेला.) वाळू ओतली की ती वाकणापर्यंत जाते आणि तिथेच थांबते. ओतलेल्या बाजूला भर वाढत जाते, दुसरी बाजू रिकामीच. माझ्या वर्गातला एक मुलगा ते बघून म्हणाला होता, 'पाणी जागा शोधतं, वाळू दमून बसते.' फळ्यावरच्या कुठल्याही व्याख्येपेक्षा हे मला जास्त आवडलं होतं.

आणखी एक सुचवते. वर्गात एक खोका ठेवा. माझ्याकडे होता, त्यावर मुलांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'भांडणाचा डबा'. जिची अवस्था कुणालाच ठरवता येत नाही अशी वस्तू त्यात जायची. वाळूची बाटली आली, मग कापूस आला, कारण 'स्थायू कडक असतो' हे कुठून कोण जाणे मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मग स्पंज. स्पंज दाबला की लहान होतो, म्हणजे तो वायू, असं एकीचं म्हणणं होतं. तिला मी स्पंज पाण्यात बुडवून दाबायला लावला. बुडबुडे वर आले तेव्हा तिला कळलं, की बाहेर पडत होती ती आतली हवा आणि जागा देत होत्या त्या स्पंजच्या भिंती. मग टूथपेस्ट आली. ती दाबल्याशिवाय नळीतून निघत नाही आणि ब्रशवर टोपीसारखी उभी राहते, पण बोटाने पसरते. ती डब्यातून शेवटपर्यंत बाहेर पडली नाही, आणि ते योग्यच होतं, कारण टूथपेस्ट म्हणजे पाण्यासारख्या द्रवात बारीक स्थायू कण मिसळून केलेलं मिश्रण. स्थायू, द्रव, वायू हे कप्पे एका शुद्ध पदार्थासाठी सोयीचे असतात. मिश्रणं त्यांत नीट बसत नाहीत.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी त्या डब्यावरचं नाव वाचून भुवया उंचावल्या होत्या. मुलींनी त्यांच्या हातावर कॉर्नफ्लोर आणि पाण्याचा गोळा ठेवला. दोन भाग कॉर्नफ्लोर आणि साधारण एक भाग पाणी एवढं प्रमाण घेतलं की तो गोळा मुठीत दाबताना घट्ट लागतो आणि मूठ सोडली की बोटांमधून वाहून जातो. साहेबांच्या बाहीवरून तो खाली ओघळला. शेऱ्यात त्यांनी डब्याचा उल्लेख केला नाही. (हा गोळा मोरीत ओतू नका, नळ तुंबतो. सुकवून कचऱ्यात टाका.)

माझा सहा वर्षांचा मुलगा म्हणतो, हवा म्हणजे काहीच नाही. रिकामा पेला दाखवून म्हणतो, 'बघा बाबा, आत काही आहे?' त्याला हवेला वजन असतं हे कसं पटवू?

दोष त्याचा नाही, 'रिकामा' या शब्दाचा आहे. आपण दिवसातून वीसदा रिकामा पेला, रिकामी बाटली म्हणतो आणि मग अपेक्षा करतो की पोराला त्यात काहीतरी भरलेलं दिसावं.

वजनाच्या आधी जागेपासून सुरुवात करा. पेल्याच्या तळाशी कागदाचा बोळा घट्ट बसवा, पेला पालथा करा आणि सरळ, न कलवता पाण्याच्या बादलीत खाली दाबा. बाहेर काढून कागद चाचपायला द्या. तो कोरडा असतो. 'पाणी आत का गेलं नाही?' एवढंच विचारा आणि पुढे बोलू नका. मग पेला पाण्यात किंचित तिरका करा. मोठा बुडबुडा निघतो आणि पाणी आत शिरतं. जागा कुणी अडवली होती ते त्याला स्वतःलाच दिसेल.

त्यानंतर माझं सगळ्यांत लाडकं साधन: औषधाच्या दुकानात मिळणारी, सुई नसलेली सिरिंज. दहा मिलिलिटरची पुरे. दट्ट्या दहाच्या रेघेपर्यंत ओढा, पुढच्या भोकावर त्याचं बोट घट्ट ठेवायला सांगा आणि दट्ट्या त्यालाच दाबू द्या. तो सातपर्यंत जाईल, जोर लावला तर सहा, कदाचित पाच. आणि हात सोडला की दट्ट्या उसळून जवळपास दहावर परत. मुलं इथे दचकतात आणि हसतात. 'काहीच नाही' तर मग आतून ढकलणारं कोण होतं? आता त्याच सिरिंजमध्ये बुडबुडा न ठेवता पाणी भरा आणि पुन्हा दाबायला सांगा. दट्ट्या हलत नाही. बोट दुखतं, चेहरा लाल होतो, रेघ तीच. वायू दबतो, द्रव जवळजवळ दबत नाही, हे वाक्य तुम्हाला उच्चारावंही लागणार नाही.

वजनासाठी काठीला दोन फुगे बांधून एक फोडायचा प्रयोग बऱ्याच ठिकाणी दिलेला असतो. मला तो पटत नाही. फुग्यातली हवा बाहेरच्या हवेपेक्षा किंचितच जास्त दाबलेली असते आणि बाहेरची हवा फुग्याला वर उचलून धरत असते. त्यामुळे फरक ग्रॅमचा लहानसा हिस्सा एवढाच उरतो. शिवाय फुगा फुटताना रबराचा तुकडा उडाला तर काठी हवेमुळे कलली की रबरामुळे, हे सांगता येत नाही. त्याऐवजी फुटबॉल घ्या. हवा कमी असलेला, पण गोल राहिलेला फुटबॉल एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या डिजिटल काट्यावर ठेवा आणि आकडा मुलाला लिहायला सांगा. मग पंपाने टणक होईपर्यंत हवा भरा आणि पुन्हा ठेवा. आकार जवळपास तेवढाच, पण आकडा तीन-चार ग्रॅमने वाढलेला. साध्या खोलीतल्या एक लिटर हवेचं वस्तुमान साधारण १.२ ग्रॅम असतं, त्यामुळे हा हिशोब जुळतो. हवेलाही वस्तुमान आहे आणि ती जागाही व्यापते, म्हणून ती द्रव्य. याहून जास्त सहा वर्षांच्या मुलाला नको.

मुलगी सारखी 'साखर पाण्यात वितळली' म्हणते. मी 'विरघळली' असं दुरुस्त करते. तिने विचारलं, 'फरक काय?' आणि मला नीट सांगता येईना.

तुम्ही दुरुस्त करत राहिलात हे चांगलं केलंत. हे दोन शब्द दिसायला जुळ्या बहिणींसारखे, पण कामं अगदी वेगळी. आपल्या भाषेत दोन्हीसाठी स्वतंत्र, रोजचे शब्द आहेत ही मोठीच सोय आहे, आणि आपण ती वापरत नाही.

मी वर्गात एकच प्रश्न द्यायचे: 'दुसरं कुणी लागलं का?' बर्फाचा खडा कोरड्या बशीत एकटा ठेवा. कुणी न मिळवता, नुसत्या खोलीच्या उबेने त्याचं पाणी होतं. मेणाचा तुकडा गरम केला की तोही एकटाच पातळ होतो. हे वितळणं. एकाच पदार्थाने स्थायू अवस्था सोडून द्रव अवस्था घेतली. मीठ बशीत एकटं ठेवा आणि दिवसभर बघत बसा, काहीही होणार नाही. त्याला पाणी लागतं. पाण्यात त्याचे कण सुटे होऊन सगळीकडे पसरतात. हे विरघळणं, इथे दोघे लागतात. मीठही वितळतं, पण त्यासाठी सुमारे ८०१ अंश सेल्सिअस तापमान हवं, ते स्वयंपाकघरात होण्यासारखं नाही.

या गोंधळामागे बहुतेक वेळा दुसराच एक गैरसमज लपलेला असतो, तो तपासून बघा. तिला विचारा, 'साखर आता कुठे आहे?' बरीच मुलं सांगतात, 'संपली, फक्त गोडी उरली.' मग काटा काढा. १०० ग्रॅम पाणी आणि १० ग्रॅम मीठ वेगवेगळं मोजा, मीठ पाण्यात ढवळून पूर्ण दिसेनासं करा आणि पुन्हा मोजा. ११० ग्रॅमच भरतं. (भांड्याचं वजन आधी वजा करायला विसरू नका, नाहीतर मुलगी तुम्हाला आठवण करून देईल. माझ्या वर्गात हमखास असं व्हायचं.) त्यातलं चमचाभर पाणी काळ्या कागदावर किंवा गडद बशीत पसरून उन्हात ठेवा. दुसऱ्या दिवशी पांढरे, चौकोनी कडांचे बारीक खडे दिसतात. मीठ कुठेही गेलं नव्हतं.

नातवाला किटलीतून निघणारा पांढरा लोट दाखवून सांगितलं, 'ही वाफ, म्हणजे पाण्याचा वायू.' तो म्हणाला, 'आमच्या बाईंनी सांगितलंय, पाण्याचा वायू दिसत नाही.' आमच्या दोघांत कोण बरोबर?

त्याच्या बाई, आजोबा. पण वाईट वाटून घेऊ नका, हा घोटाळा 'वाफ' या शब्दानेच केलाय. आपण न दिसणाऱ्या बाष्पालाही वाफ म्हणतो आणि दिसणाऱ्या पांढऱ्या लोटालाही.

पाणी खळखळून उकळत असताना किटलीच्या तोटीकडे लांबूनच, पण बारकाईने बघा. तोटीच्या तोंडाला लागून बोटभर जागा मोकळी, अगदी स्वच्छ दिसते, आणि पांढरं काही असतं ते त्याच्यापुढे. त्या मोकळ्या दिसणाऱ्या जागेत खरा वायू आहे. पुढे गेल्यावर तो गार हवेत मिसळतो, त्याचे अतिशय बारीक थेंब होतात आणि त्या थेंबांवरून उजेड विखुरला की ते पांढरे दिसतात. म्हणजे तुम्ही दाखवलेला लोट बराचसा द्रव होता. ढगही तसाच, थेंबांचा किंवा बर्फाच्या कणांचा. आणखी थोडं पुढे गेल्यावर तो लोट नाहीसा होतो, कारण थेंब पुन्हा बाष्प होऊन हवेत मिसळतात. वीतभर अंतरात पाणी दोनदा अवस्था बदलतं. नातवाला हे तुम्हीच दाखवा, बाईंना जाऊन सांगेल.

त्याला हात पुढे करू देऊ नका, हे मात्र नक्की. उकळत्या पाण्यापेक्षा वाफ जास्त भाजते. १०० अंशांची एक ग्रॅम वाफ कातडीवर पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता सोडते आणि मग ते पाणी गार होताना सोडतं ती वेगळीच. लहान हातांसाठी दुसरा खेळ आहे: आरशावर हा... करून फुंकर. धुकं येतं, पुसतं, पुन्हा येतं.

मुलासाठी प्रयोगशाळेतला थर्मामीटर आणला आणि बर्फाच्या चुऱ्यात ठेवला. पाणी वाढत होतं, बर्फ कमी होत होता, पण पारा शून्यावरून हलेना. थर्मामीटर बिघडलेला आहे का?

थर्मामीटर उत्तम आहे, परत करू नका. ढवळत राहिलात तर शेवटचा खडा असेपर्यंत तो शून्याच्या आसपासच राहील. उष्णता आत येत असते, पण ती सगळी बर्फाची बांधणी सोडवण्यात खर्च होते. एक ग्रॅम बर्फासाठी सुमारे ८० कॅलरी. सगळं पाणी झालं की मगच पारा चढायला लागतो. जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १७६० च्या दशकाच्या सुरुवातीला हे नीट मोजलं आणि तिथून 'अप्रकट उष्मा' ही कल्पना आली. मुलाला दर दोन मिनिटांनी आकडा लिहायला सांगा. शून्य, शून्य, शून्य लिहून तो वैतागेल, आणि मग अचानक दोन, पाच, नऊ. गंमत म्हणून हेही सांगा, की अँडर्स सेल्सिअसने १७४२ मध्ये आपली मोजपट्टी मांडली तेव्हा पाणी उकळण्याला ० आणि गोठण्याला १०० दिले होते. ती नंतर उलटी करण्यात आली.

पाचवीला रेणू शिकवले. उत्तरपत्रिकेत एकाने लिहिलं, 'बर्फाचे रेणू कडक असतात, ते वितळले की मऊ होतात.' मी कुठे चुकलो?

तुम्ही बहुधा चुकला नाहीत, सर. मुलं मोठ्या वस्तूचा गुण तिच्या सगळ्यांत लहान तुकड्यालाही देतात. माझ्या एका विद्यार्थिनीने पाण्याचे रेणू म्हणून चिमुकले निळे थेंब काढले होते, बर्फाचे रेणू म्हणून चौकोनी ठोकळे आणि वाफेचे रेणू म्हणून छोटे ढग. चित्र इतकं सुंदर होतं की लाल शाई लावायला हात धजेना.

रेणू वितळत नाही, गोठत नाही, ओला नसतो, कडकही नसतो. बर्फात, पाण्यात आणि वाफेत रेणू तोच असतो, बदलतं ते त्यांचं एकमेकांशी वागणं. मी मुलांनाच रेणू करायचे. स्थायूसाठी दाटीवाटीने रांगांत उभं राहायचं, जागा सोडायची नाही, पण थरथरत राहायचं. हे थरथरणं मी पहिल्या काही वर्षी विसरले होते. मुलं पुतळ्यासारखी उभी राहायची आणि मग लिहायची, 'स्थायूचे कण हलत नाहीत.' ती चूक माझीच. द्रवासाठी तेवढ्याच दाटीत, पण रांग मोडून एकमेकांना घासत फिरायचं. वायूसाठी मैदान. वर्गात वायू करायला जाऊ नका, बाकं पडतात.

'तेवढ्याच दाटीत' याकडे लक्ष द्या. पुष्कळ चित्रांत द्रवाचे कण स्थायू आणि वायू यांच्या बरोबर मध्ये, ऐसपैस अंतरावर दाखवतात. ते खोटं आहे. द्रवात कण जवळपास स्थायूइतकेच जवळ असतात, म्हणून तर सिरिंजमधलं पाणी दबलं नाही. पाण्याचं तर उलटच. बर्फात रेणू मोकळ्या जाळीत बसतात आणि पाण्यात ते जास्त दाट होतात, म्हणून बर्फ तरंगतो आणि गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. प्लास्टिकच्या बाटलीत निम्म्याहून थोडं जास्त पाणी घालून पातळीवर रेघ मारा आणि बाटली फ्रीझरमध्ये ठेवा. सकाळी बर्फ रेघेच्या वर असतो. काचेची बाटली नको, तडकते. याउलट, एक ग्रॅम पाण्याची १०० अंशांची वाफ केली तर ती साधारण १.७ लिटर जागा घेते, म्हणजे दीड हजार पटींहून जास्त. खरी मोठी उडी इथे आहे.

आणि एक प्रश्न तोंडी परीक्षेत जरूर विचारा: 'वायूच्या रेणूंच्या मधल्या जागेत काय असतं?' दहातली आठ मुलं सांगतील, 'हवा.' मग विचारा, 'आणि हवेच्या रेणूंच्या मध्ये?' त्यानंतरची शांतता ऐकण्यासारखी असते.

काच हा फार हळू वाहणारा द्रव आहे आणि म्हणून जुन्या खिडक्यांच्या काचा खाली जाड असतात, हे खरं का?

नाही. काच स्थायूच आहे. तिच्यातले कण मिठासारखे ओळीत बसलेले नसतात एवढंच, म्हणून तिला अस्फटिकी स्थायू म्हणतात. जुन्या पद्धतीने केलेली तावदानं मुळातच सगळीकडे सारख्या जाडीची नसत.

हळू वाहणारं काही खरंच बघायचं असेल तर डांबरासारखी काळी 'पिच' आहे. हातोडा मारला तर तिचे तुकडे उडतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी १९२७ मध्ये ती नरसाळ्यात ओतली, तीन वर्षं स्थिर होऊ दिली आणि १९३० मध्ये नरसाळ्याचं तोंड कापलं. आठवा थेंब नोव्हेंबर २००० मध्ये पडला, तेव्हा त्यावर लावलेला कॅमेरा नेमका बंद होता. नववा पडायला एप्रिल २०१४ उजाडलं. असली वस्तू भांडणाच्या डब्यात असती तर मी निवृत्तच झाले नसते.

मी ९ वर्षांचा आहे. सावली, उजेड आणि आग यांची अवस्था कोणती? माझा मित्र म्हणतो, अवस्था तीन नसून पाच असतात.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. आधी मित्राचं बघू. तो खोटं बोलत नाहीये. वायू फार तापला किंवा त्यातून जोरात वीज गेली, की त्याच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात, त्याला प्लाझ्मा म्हणतात. आकाशातली वीज, पेटलेल्या ट्यूबलाइटचं आतलं जग आणि अख्खा सूर्य, हे सगळं प्लाझ्मा. पाचवी म्हणून तो बहुतेक ज्या अवस्थेचं नाव घेतो ती 'बोस-आइन्स्टाइन संघनन', सत्येंद्रनाथ बोस आणि आइन्स्टाइन यांच्या १९२४-२५ च्या कामातून पुढे आली, आणि प्रत्यक्षात १९९५ मध्ये रुबिडियम या धातूचे अणू कमालीचे गार करून तयार केली गेली. म्हणजे कागदावरून प्रयोगशाळेत यायला तिला सत्तर वर्षं लागली. शिवाय आणखीही अवस्था आहेत, तेव्हा पाचवर थांबणं बरोबर नाही असं त्याला माझ्याकडून सांग. तुझ्या आजूबाजूच्या वस्तूंसाठी मात्र तीन पुरतात.

आग ही वस्तू नाही, ती घटना आहे. मेणबत्तीकडे बघ. खाली स्थायू मेण, वातीभोवती वितळलेल्या मेणाचं तळं, आणि ज्योतीत जळते ती त्या मेणाची वाफ. ज्योत म्हणजे तापलेले वायू, आणि तिचा पिवळा रंग येतो तो काजळीच्या तापून उजळलेल्या कणांमुळे. घरातल्या मोठ्या माणसाला एक गंमत करून दाखवायला सांग, तू स्वतः करू नकोस. मेणबत्ती विझवली की वातीतून पांढरी रेघ वर जाते. त्या रेघेत, वातीपासून बोटभर वर, लगेच पेटती काडी धरायची. ज्योत रेघेवरून खाली उडी मारते आणि वात पुन्हा पेटते. जळत होतं ते काय, ते तूच सांग.

उजेड जागा अडवत नाही. खोलीत दिवा लावला म्हणून हवेला बाहेर सरकावं लागत नाही. म्हणून तो द्रव्य नाही आणि त्याला अवस्थाही नाही. सावली तर जिथे उजेड पोचला नाही तेवढी जागा. माझ्यावर विश्वास नसेल तर काटा चालू कर, त्यावर हाताची सावली पाड आणि आकडा काय झाला ते पुढच्या पत्रात कळव. हात काट्याला टेकवू नकोस, तेवढं सांभाळ.